गॅस कुठं गेला?

बेळगावच्या माणसाला आपल्या हवेचा भारी अभिमान. पुण्याचा पाहुणा दारात चपला काढतोय तोवर 'आमच्याकडं पंखासुद्धा लागत नाही बघा' हे त्याला ऐकवून झालेलं असतं. एके काळी ते खरंही होतं. साडेसातशे मीटरची उंची, पश्चिमेला जांबोटी-चोर्ल्याचं रान, दिवसभर कितीही तापलं तरी दिवेलागणीला सुटणारा वारा आणि एप्रिलात केव्हातरी दणकून येणारा वळीव. अशा गावात गाडीचा एसी म्हणजे गाडीबरोबर आली म्हणून ठेवून घेतलेली वस्तू. टिळकवाडीत भर उन्हाळ्यात काचा वर करून कुणी गेलं, की घरात कुणी आजारी आहे का, अशी चौकशी व्हायची.

पण जिल्हा म्हणजे काही टिळकवाडी नव्हे. पश्चिमेला कणकुंबीला पावसाळ्यात धुतलेले कपडे वाळायची मारामार, आणि पूर्वेला अथणीला मे महिन्यात दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. माझी नणंद अथणीला दिलेली. सुट्टीत तिच्याकडं जायचं तर चिकोडी मागं पडल्यावर एसी हवाच. सासूबाईंचं बीपी, मुलांची भांडणं आणि मागच्या सीटवरचा कुंद्याचा डबा, तिन्हींना उष्णता सोसत नाही. आणि खरं सांगायचं तर आता बेळगावातही मार्चअखेरीपासून दुपारी उभ्या गाडीत बसवत नाही. अभिमानाचं वाक्य आम्ही अजून म्हणतो, पण पंख्याखाली बसून.

आमची गाडी जुनी. दर उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या एसीतून नुसता वारा यायला लागायचा. मग गॅरेज गाठायचं. तिथला पोरगा बॉनेट उघडायचा, निळी नळी जोडायचा, काट्याकडं एक नजर टाकून "ग्यास होगेतिरी मॅडम" म्हणायचा, आणि पाऊण तासात गाडी गारेगार. पैसे दिले की पुढच्या मार्चपर्यंत विषय बंद. गॅस गेला हे सगळ्यांनाच मान्य. तो कुठं गेला, हे विचारायची पद्धत नाही.

विचारलं ते थोरल्या मामांनी. मामांनी अख्खी नोकरी दूध शीतकरणाच्या मशिनी सांभाळण्यात घालवली. आता वडगावात निवांत असतात, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचे फ्रिज उघडून बसतात. आमची गाडी वर्षासनाला गॅरेजात जाते हे कळल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"गॅस काय पेट्रोल हाय काय गं, जळून जायला? बंद पाइपात फिरतोय त्यो. आज हाय तेवढाच धा वर्षांनी पायजे. कमी झाला म्हणजे कुठनं तरी भायेर पडला. ते भोक बुजवायचं सोडून हे लोक दरसाल काय भरूलालेत?"

मग जरा थांबून म्हणाले, "आमचा अमोनिया कसा, जरा कुठं गळला की नाकातच शिरायचा. डोळ्यातनं पाणी. ह्या तुमच्या गॅसला वासच न्हाई, म्हणून तुमचं फावतंय."

तशी गाडीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. घरातला फ्रिज पंधरा-वीस वर्षं गॅस न भरता चालतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर मोटरीसकट एका लोखंडी डब्यात कायमचा सीलबंद असतो आणि पाइपांचे सांधे झाळलेले असतात. गाडीत तसं करता येत नाही. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि त्याला सील लावावं लागतं. इंजिन हलतं, म्हणून काही पाइप रबरी ठेवावे लागतात. त्यामुळं वर्षाकाठी थोडे ग्रॅम इकडून तिकडून पाझरणार, हे मामांनाही मंजूर. पण थोडे ग्रॅम जाणं वेगळं आणि एका वर्षात सगळाच्या सगळा जाणं वेगळं.

घरीच करूया, असं ठरलं. मामांची अट एकच: आधी गॅस आणायचा नाही. आधी साबण आणायचा.

हे यंत्र कळायला अवघड नाही. खानापूरच्या मातीचा माठ घरात असेल तर निम्मं कळलेलंच असतं. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एसीत पाण्याऐवजी आर-१३४ए नावाचा द्रव असतो, जो उघड्यावर उणे २६ अंशाला उकळतो. फरक एवढाच, की माठातली वाफ हवेत जाते आणि इथली वाफ परत धरून आणावी लागते. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये द्रव उकळतो आणि गाडीतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, दाबल्यामुळं ती तापते. रेडिएटरच्या पुढं उभ्या असलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कॉइलमध्ये शिरते. चालू एसीत कमी दाबाच्या बाजूचा, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडं जाणाऱ्या पाइपाचा, काटा ३० पीएसआयच्या आसपास असतो. त्या दाबाला हा द्रव शून्याच्या जरासा वर उकळतो. याहून खाली गेला तर कॉइलवर बर्फ धरेल आणि वाराच अडेल. म्हणजे तो आकडा कुणी हौसेनं ठरवलेला नाही, पाणी गोठू नये म्हणून ठरलेला आहे.

गार हवा येत नाही म्हणजे गॅस गेला, हेही मामा मान्य करत नाहीत. त्यांनी पहिल्यांदा केबिन फिल्टर काढायला लावला. आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून जाण्यात आयुष्य जातं, आणि पाचटाचा भुसा, माती, धूर सगळं गाडीच्या नाकातोंडात जातं. फिल्टरचा रंग काय होता ते सांगण्यात अर्थ नाही. अंगणात झटकला तेव्हा शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या चादरी उचलल्या. मग कंडेन्सर. त्याच्या पात्यांत किडे, पिसं आणि लाल माती बसलेली. साध्या नळाच्या पाण्यानं, धार मऊ ठेवून, आतून बाहेर धुतला. जोरात फवारा मारला तर पाती आडवी होतात. मग कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते पाहिलं. फिरत होता. एवढं झाल्यावरच मामांनी पिशवीतून गेज काढले.

गेजची जोडी म्हणजे एक निळा, एक लाल आणि मधे पिवळी नळी. निळा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. गाडीवरची तोंडंही दोन मापांची असतात, निळ्याचा कपलर लालवर बसतच नाही. शहाण्या माणसानं केलेली सोय आहे ती, कारण चालू इंजिनावर डबा जर जास्त दाबाच्या बाजूला जोडला तर गाडीचा दाब डब्यात शिरतो आणि डबा फुटू शकतो. मामांनी लाल व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "इंजिन चालू असताना ह्याला हात लावायचा न्हाई. विसरलीस तरी न्हाई."

बंद गाडीत काटे जोडले. दोन्ही शून्यावर.

हे एका अर्थी बरंच झालं. आत थोडा जरी गॅस शिल्लक असता, तर सांधे सोडण्याआधी तो रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजात नेऊन काढून घ्यावा लागला असता. हवेत सोडून देणं सोपं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. पण या गॅसचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोइतकी उष्णता धरून ठेवतो. आमच्या गाडीत ४०० ग्रॅम मावतो. म्हणजे एकदा रिकामी झाली की ५७० किलोंच्या आसपास, साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. दर उन्हाळ्याला भरून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गळू देणारी गाडी वर्षाला एवढं पेट्रोल उभ्या जागी जाळते, मालकाला न कळता. गंमत अशी की हा गॅस स्वतःच एका जुन्या गुन्हेगाराच्या जागी आलेला. आधी आर-१२ असायचा. तो ओझोन खातो हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिलं, १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, आणि नव्वदच्या दशकात गाड्यांमधून आर-१२ गेला, आर-१३४ए आला. ओझोन वाचला, उष्णतेचा प्रश्न राहिला. २०१६ मध्ये किगालीला त्यावरही करार झाला. भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली आणि आपली कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू होणार आहे. तोवर वडगावातले मामा आणि साबण.

गळती शोधायला आत दाब पाहिजे. तो नायट्रोजनचा देतात, हवेचा नाही, कारण हवेबरोबर ओल आत जाते. उद्यमबागेत मामांच्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे, तिथून सिलिंडर रेग्युलेटरसकट आणला. रेग्युलेटरशिवाय या सिलिंडरला हात लावायचा नाही. आतला दाब गाडीचे पाइप चिंधड्या करेल एवढा असतो. दीडशे पीएसआयपर्यंत भरला, नळी बंद केली, आणि मामांनी भांड्याच्या साबणाचा घट्ट फेस दाढीच्या ब्रशनं एकेका सांध्यावर लावायला सुरुवात केली.

या कामात बघण्यासारखं काही नसतं, बराच वेळ. फेस बसतो, ओघळतो, विरतो. ज्या तोंडातून दरवर्षी गॅस भरायचे त्या निळ्या बाजूच्या तोंडावर ब्रश टेकला तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग मधोमध मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुटला नाही. हळूहळू फुगत वाटाण्याएवढा झाला, त्यावर आमच्या दारातला गुलमोहर उलटा दिसायला लागला, आणि मग फुटला. लगेच त्याच जागी दुसरा.

आत श्रेडर व्हॉल्व्ह असतो, मोटारसायकलच्या ट्यूबला असतो त्याच जातीचा. दर वेळी नळी जोडताना त्याची पिन दाबली जाते, काढताना सुटते. रबर झिजलं किंवा कण अडकला की नीट बसत नाही. म्हणून तर त्यावर टोपण असतं, आत रबरी रिंग असलेलं. धूळ अडवायला तर ते असतंच, पण गॅस अडवणारं दुसरं कुलूपही तेच. आमच्या गाडीला ते टोपण नव्हतंच. कुठल्यातरी मार्चमध्ये कुठल्यातरी फळीवर राहून गेलं असणार. गॅस ज्या दारातून आत येत होता, त्याच दारातून वर्षभर बाहेर जात होता.

मला वाटलं, झालं काम. मामा म्हणाले, "एक घावली म्हणून थांबायचं नसतंय. चोर एकटा येत न्हाई." आणि ब्रश पुढं चालू. कंडेन्सरला पाइप जिथं बोल्टानं बसतो तिथं एक काळपट, चिकट डाग होता, त्यावर धूळ घट्ट बसलेली. साबण लावायच्या आधीच त्यांनी त्यावर बोट ठेवलं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही पाइपातून फिरत असतं; जिथं गॅस गळतो तिथं तेलाचा डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. साबणानं तिथं अगदी बारीक, सायीवर येतो तसला फेस दाखवला. सांध्यातली रबरी ओ-रिंग कडक झालेली.

ओ-रिंग म्हटल्यावर बेळगावचा माणूस निर्धास्त. फाउंड्र्या, लेथ, हायड्रॉलिक्स यांवर पोट भरणारं शहर. उद्यमबागेत ओ-रिंग मागितली तर कुठल्या मापाची एवढंच विचारतात. पहिल्या दुकानात माप जुळलं, पण ती साधी नायट्राइल रबराची होती. हायड्रॉलिक तेलाला ती उत्तम. या गॅसला आणि त्याच्या तेलाला एचएनबीआर नावाचं रबर लागतं. ते बहुधा हिरव्या रंगात येतं. मी हिरवी दिसली म्हणून उचलली तर मामा म्हणाले, "रंग कुणीबी देतंय. पाकिटावर काय लिवलंय ते वाच." वाचलं, मग घेतली. नवा व्हॉल्व्ह कोअर, दोन्ही टोपणं, आणि ड्रायरची नवी पिशवीही घेतली. ड्रायर म्हणजे ओल शोषून घेणारे खडे. सिस्टीम रिकामी पडून राहिली की ते हवेतली ओल पिऊन तृप्त होतात आणि मग कामाचे राहत नाहीत. आमच्या गाडीत ती पिशवी कंडेन्सरच्या कडेच्या उभ्या नळीत कोंबलेली असते. काढायला कटकट, पण टाळण्यासारखं नाही.

ओलीचं एवढं कौतुक का, तर पाणी आत राहिलं की ते गॅस आणि तेलाबरोबर मिळून आम्ल तयार करतं आणि पाइप आतून खातं. शिवाय एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठून बसतं. पीएजी नावाचं जे तेल यात असतं, तेही हवेतली ओल ओढतं, म्हणून बाटली उघडली की लगेच बंद करायची. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हे काम काढूच नये, असं मामांचं मत. तिथं मिठाचं पाणी होतं, तेलाचं काय सांगावं.

ओल काढायचा उपाय म्हणजे व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची. दाब इतका खाली न्यायचा, की आत चिकटलेलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होईल आणि पंपाबरोबर बाहेर पडेल. गॅरेजात पाऊण तासात गाडी परत मिळायची, त्यात ही पायरी कितपत बसत होती ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पंप लावला. घरघर सुरू झाली. निळ्या गेजचा काटा शून्याखाली उतरत २० इंच, २५ इंच, २६, आणि २७ च्या जरा पुढं जाऊन थांबला. तिथून हलेना. मी मोबाइलवर पाहिलेल्या प्रत्येक माणसानं २९ इंच, निदान २९ इंच, असं बजावलं होतं. म्हटलं अजून गळती आहे, किंवा पंप जुना झालाय. मामांनी घराच्या छपराकडं बोट केलं. "वर काय हाय?" वर काही नव्हतं. "आभाळ हाय. आणि आपल्या डोक्यावर त्ये जरा कमी हाय."

हे मला फार आवडलं. गेजचा काटा आतला दाब थेट सांगत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती कमी आहे ते सांगतो. समुद्राकाठी बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या तीस इंचांना जरासा कमी. बेळगाव साडेसातशे मीटरवर. इथं तो साधारण साडेसत्तावीस इंचांपाशीच संपतो. पंप कितीही चांगला असला तरी जी हवा मुळात डोक्यावर नाही ती तो ओढणार कुठून? व्हिडिओतला माणूस खरंच बोलत होता, फक्त तो समुद्राकाठी उभा होता. चोर्ला घाट उतरून पणजीला जाऊन हाच पंप लावला तर काटा २९ दाखवील. इथं २७ च्या वर गेला म्हणजे झालं. पंचवीस अंशाला पाणी उकळायला आत जास्तीत जास्त एक इंचाच्या आसपास दाब चालतो, आणि आम्ही त्याच्या खाली होतो. ज्या उंचीच्या जिवावर आम्ही पाहुण्यांना हवेची बढाई सांगतो, तिचा आकडा असा बॉनेटखाली वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तासभर पंप चालू ठेवला. मग व्हॉल्व्ह बंद करून काट्याकडं बघत जेवणं उरकली. काटा वर चढला तर गळती उरली आहे. चढला नाही. तरी मामा व्हॅक्यूमच्या परीक्षेवर पूर्ण विश्वास ठेवत नाहीत. आत ओढताना रबर चिकटून बसतं आणि बाहेर ढकलताना सुटतं, असंही होतं. म्हणून तर आधी नायट्रोजन.

आता गॅस. आपल्याकडं ४५० ग्रॅमचे डबे मिळतात. बॉनेटच्या आत स्टिकरवर गाडीला किती लागतो ते छापलेलं असतं. आमच्याकडं ४००. आणि इथं माझं एक ठाम मत आहे, जे मामांचंही आहे: गॅस काट्यावर भरायचा नाही, तराजूवर भरायचा. थंड, बंद गाडीत काटा काय दाखवेल ते फक्त हवेच्या तापमानावर ठरतं. पंचवीस अंशाला ८० पीएसआयच्या वर थोडा. आत द्रवाचा थोडासा साठा असला तरी तेवढाच, पुरेपूर भरलेला असला तरी तेवढाच. चालू गाडीतला काटाही बाहेरच्या उन्हावर, इंजिनाच्या फेऱ्यांवर, पंख्यावर हलतो. परदेशात डब्याबरोबर एकच गेज असलेली जी किट मिळतात, हिरव्या पट्ट्यात काटा आला की पुरे म्हणणारी, ती याच कारणानं मला पटत नाहीत. त्यांच्यात गळती शोधणं नाही, व्हॅक्यूम नाही, वजन नाही. म्हणजे गॅरेजात होतं तेच, फक्त स्वतःच्या हातानं. त्यातल्या काहींत गळती बुजवणारं रसायन घातलेलं असतं, ते तर लांबच ठेवावं. ते भोक आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांत फरक करीलच असं नाही, आणि पुढं ज्या गॅरेजच्या मशीनमध्ये तो गॅस जाईल तेही खराब होतं.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा अंगणात आला. चष्मा, हातमोजे. हा द्रव कातडीवर सांडला तर जागच्या जागी गोठवतो. डोळ्यात गेला तर विषय संपला. बंद गॅरेजात हे काम करायचं नाही, गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. जवळपास विडी-काडीही नाही, ज्वाळेत तो विषारी होतो. पिवळ्या नळीतली हवा क्षणभर सोडून दिली आणि निळा व्हॉल्व्ह उघडला. व्हॅक्यूमनं पहिला घास स्वतःच ओढला. मग इंजिन चालू, एसी पूर्ण, पंखा जोरात, दारं सताड उघडी. डबा उभा धरलेला, म्हणजे वरची वाफ जाईल. उलटा धरला तर द्रव सरळ कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि कॉम्प्रेसरला वाफ दाबता येते, द्रव नाही.

डबा हातात गार पडत गेला, खालून पांढरा झाला, आणि आतलं उकळणं मंदावलं. मामांनी तो कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला. काही लोक इथं मेणबत्ती किंवा हीट गन काढतात. डब्यावर उगाच लिहिलेलं नसतं. पाण्यातून काढायचा, पुसायचा, काट्यावर ठेवायचा, पुन्हा पाण्यात. मधे कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा क्लच टक करून बसला आणि बसूनच राहिला. आधी तो सारखा लागत-सुटत होता. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पाइपाला घाम फुटला. काट्यावर डबा ४०० ग्रॅमनं हलका झाला तेव्हा मामांनी व्हॉल्व्ह बंद केला. नळीत अडकणारे थोडे ग्रॅम त्यांनी अंदाजानं धरले होते.

डब्यात अजून पन्नास ग्रॅम होते. मी म्हटलं, घालून टाकूया, वाया कशाला. "न्हाई." जास्त झालेला गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन तुंबतो, दाब वाढतो, आणि गारवा कमी होतो. लोक मग अजून थोडा भरतात. डबा टॅपसकट कोनाड्यात गेला. जाळीतून येणाऱ्या वाऱ्यात थर्मामीटर धरला तर सात अंश. गाडीखाली पाण्याचा थेंब पडायला लागला तो कॉइलवर साचलेल्या दवाचा, तो पडायलाच हवा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अथणीला गेलो, कुंदा जसाच्या तसा पोचला. मामांनी एक पथ्य घालून दिलंय: हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावायचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं. बेळगावच्या डिसेंबरात, स्वेटर घालून, एसी लावून गाडी चालवणारी बाई म्हणून माझी गल्लीत ख्याती झाली आहे.

खर्चाचं विचारलं जातं. पंप आणि गेज मामांचे, नायट्रोजन ओळखीचा. हे सगळं विकत घेऊन एका गाडीसाठी करायचं म्हटलं तर परवडणार नाही. पैसे वाचतात म्हणून कुणी यात पडू नये. गळतीच्या मागं लागायला ज्याच्याकडं वेळ आणि चिकाटी आहे त्यानं पडावं. नाहीतर असं गॅरेज शोधावं, जिथं गॅस भरायच्या आधी साबण निघतो आणि भरताना वजनकाटा.

समोरचे वकीलकाका परवा गाडी घेऊन दारात आले. "तुझ्याकडं डब्यात उरलाय म्हणे, माझ्या गाडीत घाल की थोडा. गार येईना झालंय." मी बॉनेट उघडायला लावलं, एसी लावला. आतला पाइप चांगला गार लागत होता, पण कंडेन्सरचा पंखा फिरत नव्हता. रस्त्यावर धावत्या गाडीत गार लागतं आणि सिग्नलला थांबलं की गरम, असंच होतं ना, विचारलं तर म्हणाले, होय की, गोगटे सर्कलला तर फारच. फ्यूज ठीक होता, रिले गेलेला. कॅम्पातल्या दुकानातून आणला, बसवला, पंखा घुमायला लागला. काका पाच मिनिटं आत बसून समाधानानं बाहेर आले, बॉनेटवर हात टेकला आणि आवाज खाली करून म्हणाले, "उघडलंच आहे आता, तर थोडा गॅस घालून टाक की."